कथील विषारी आहे काय?

‘कळकणे’ हे क्रियापद आता मुलांच्या कानांवरून फारसे जात नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक, चिंचेचे सार किंवा आमटी राहिली, की ती हिरवट दिसू लागते, तिची चव तुरट होते आणि पोटात गेली तर मळमळते, उलटी होते. याला अन्न कळकणे म्हणतात. दोन पिढ्यांपूर्वी हे घरोघरी ठाऊक होते आणि म्हणून वर्षातून एकदोनदा भांडी कल्हईला जात. धातूंचा पाठ शिकवताना हा शब्द जरूर वापरावा. पाठ्यपुस्तकातील बरेचसे रसायनशास्त्र त्याच्या पोटात आहे.

तांबे हा हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील धातू. ताकातील लॅक्टिक आम्ल किंवा चिंचेतील टार्टारिक आम्ल एकट्याने त्याला विरघळवू शकत नाही. पण हवेतील ऑक्सिजन मदतीला आला, की तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर बनतो आणि हा थर आम्लात सहज विरघळतो. खाली नवे तांबे उघडे पडते आणि पुन्हा तेच घडते. म्हणून नुकत्याच उकळलेल्या आमटीपेक्षा रात्रभर पातेल्यात राहिलेली आमटी अधिक कळकते. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, तेही अन्नात उतरते.

यावर आपल्याकडे शोधलेला उपाय म्हणजे कथिलाचा मुलामा. कथील आपल्याला फार जुन्या काळापासून परिचित आहे. संस्कृतात त्याला त्रपु आणि वंग अशी नावे आहेत. रुद्रानंतर म्हटल्या जाणाऱ्या चमकात यजमान देवाकडे जे जे मागतो, त्यात सोने, लोखंड आणि शिसे यांच्या जोडीला त्रपूचीही मागणी आहे. ‘कल्हई’ हा शब्द मात्र अरबीतून आला. अरबीत ‘कलई’ म्हणजे कथील, आणि ते नाव मलायाच्या किनाऱ्यावरील एका जुन्या बंदरावरून पडले असे मानतात. तांब्यात दहाबारा टक्के कथील मिसळले की कांस्य होते. कथील वीसबावीस टक्क्यांपर्यंत नेले, की घंटेचे आणि तळपायाला तेल चोळण्याच्या वाटीचे कासे मिळते.

एवढे सांगून झाले, की चौकस विद्यार्थी विचारतोच : “पण सर, कल्हईसुद्धा झिजते. म्हणजे कथील आपल्या पोटात जातेच. मग ते विषारी नाही का?” प्रश्न अगदी रास्त आहे. ‘नाही’ म्हणून त्याला खाली बसवले तर ते अर्धेच उत्तर होईल, आणि ‘आहे’ म्हटले तर तेही. कथील धातूरूपात आहे, क्षाराच्या रूपात आहे, की त्याचा अणू कार्बनच्या साखळ्यांना जोडलेला आहे, हे आधी विचारावे लागते. या तीन रूपांच्या विषारीपणात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

भट्टीपाशी

कल्हईवाला दिसेल तेव्हा वर्ग तेथे न्यावा. प्रयोगशाळेत न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी तेथे दिसतात. भांडे आधी राख, वाळू, चिंच किंवा आम्ल लावून घासले जाते. मग ते निखाऱ्यांवर धरून भात्याने आच वाढवतात. पुरेसे तापले की त्यात नवसागराची चिमूट टाकतात, भसकन पांढरा धूर निघतो, कथिलाची कांडी आतून टेकवतात आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर सगळीकडे फिरवतात. काळपट तांबूस भांडे क्षणात रुपेरी होते.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या धातूवर पडताच त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरील ऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभाग साफ करते. वर थंड हवेत हे दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण बनतात. तोच तो पांढरा धूर. मळक्या तांब्यावर कथिलाचे थेंब अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन राहतात, स्वच्छ तांब्यावर मात्र ते पसरतात. दोन धातू जेथे भेटतात तेथे तांब्याचे सहा आणि कथिलाचे पाच अणू या प्रमाणात एक वेगळेच संयुग तयार होते. त्यामुळे कल्हई रंगाच्या पापुद्र्यासारखी सुटून येत नाही. ती हळूहळू झिजते.

हे सारे जमते, कारण कथील केवळ २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला वितळण्यासाठी १०८५ अंश लागतात. पण हीच कल्हईची मर्यादाही आहे. भांड्यात पाणी असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. कोरडे पातेले मोठ्या आचेवर विसरले, तर कल्हई वितळून तळाशी तिचे मणी होतात. तळणीच्या तेलाचे तापमान १८० अंशांच्या आसपास असते, तेथून २३२ काही फार लांब नाही. म्हणून कल्हईच्या भांड्यात तळण करू नये आणि ते रिकामे तापवू नये.

कल्हईवर ओरखडा पडला तर काय होते? कथील तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे. दोन्ही धातू आम्लधर्मी आमटीत शेजारीशेजारी असले, की आधी कथील विरघळते आणि तांबे वाचते. म्हणजे लहानसहान ओरखड्यांनी भांडे लगेच कळकू लागत नाही. अर्थात तांबे मोठ्या भागात उघडे पडले, की हा बचाव पुरत नाही.

अन्नात उतरलेल्या या कथिलाचे शरीरात काय होते? क्षारांच्या रूपातील कथील आतड्यातून फार थोडे शोषले जाते, पाच टक्क्यांहूनही कमी. बाकीचे विष्ठेवाटे निघून जाते आणि शोषलेलेही बरेचसे मूत्रावाटे बाहेर पडते. चांगल्या कल्हईच्या भांड्यात जेवून कोणी आजारी पडत नाही, याचे कारण हे. येथे ‘चांगल्या’ या शब्दावर थांबायला हवे.

कांडीत काय आहे?

कथील महाग धातू आहे. शिसे त्याच्या मानाने फारच स्वस्त. दोन्ही दिसायला सारखे, दोन्ही मऊ, आणि एकमेकांत सहज मिसळणारे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण तर १८३ अंशांनाच वितळते. विजेच्या तारा झाळण्यासाठी वर्षानुवर्षे हेच मिश्रण वापरले गेले. त्या कामाला ते उत्तमच. पण तीच कांडी पातेल्याच्या आत फिरली तर मुलाम्यातून शिसे अन्नात येणार. शिसे कथिलासारखे निघून जात नाही. ते हाडांत साठते, लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याचे ‘एवढे चालेल’ असे कोणतेही सुरक्षित प्रमाण आरोग्यशास्त्राला सापडलेले नाही. शिसेमिश्रित कल्हईची चमक पाहून काही कळत नाही, आणि म्हणूनच ती कळकलेल्या आमटीपेक्षा धोकादायक आहे. कळकलेली आमटी निदान चवीने ओळखू येते.

शाळेत करता येईल अशी एक तपासणी आर्किमिडीजच्या तत्त्वावर आहे. कथिलाची घनता घन सेंटिमीटरला ७.३ ग्रॅम, शिशाची ११.३ ग्रॅम. कांडीचा सुमारे १०० ग्रॅमचा तुकडा आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. वजनात येणारी घट म्हणजे तुकड्याचे घनफळ. १०० ग्रॅम शुद्ध कथिलाची घट १३.७ ग्रॅम येईल. कांडीत पाचवा हिस्सा शिसे असेल तर १२.७, निम्मे असेल तर ११.३. एकदशांश ग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू असला की पुरे. पण या पद्धतीची मर्यादाही मुलांना सांगावी. दोन टक्के शिसे असेल तर घट १३.६ येते, म्हणजे फरक तराजूच्या चुकीत बुडून जातो. घनता ढोबळ भेसळ पकडते. थोडी भेसळ पकडण्यासाठी रसायनशास्त्राकडेच जावे लागते.

ते असे : कांडीचा हरभऱ्याएवढा तुकडा तीव्र नायट्रिक आम्लात टाकून सावकाश तापवावा. कथिलाची पांढरी, न विरघळणारी पूड होते. शिसे असेल तर ते नायट्रेट होऊन द्रावणात उतरते. पाणी घालून गाळून घ्यावे आणि स्वच्छ गाळीव द्रावणात सोडियम सल्फेटचे द्रावण घालावे. पांढरा साका आला तर कांडीत शिसे आहे. या क्रियेत तपकिरी, विषारी वायू निघतो. तेव्हा हा प्रयोग शिक्षकांनीच हवेशीर जागी करावा, मुलांनी दुरून पाहावा, आणि शिशाचा साका मोरीत ओतू नये.

बाजारात उभ्या असलेल्या माणसाला आणखी एक जुनी खूण आहे. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की बारीक करकर आवाज येतो. आतले स्फटिक एकमेकांवर सरकून आपली ठेवण बदलतात, त्याचा तो आवाज. युरोपातले कारागीर याला कथिलाचे रडणे म्हणतात. शिसे मुकाट वाकते.

बाळाचे दूध

कल्हई ही निव्वळ चवीची बाब नव्हती, हे पुण्यात झालेल्या एका संशोधनातून पुढे आले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्या देशात होत असे. घरोघर त्याला ‘मुलाला लिव्हर झाले’ असे म्हणत. पोट फुगे, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. डॉक्टरांनी तपासले तेव्हा या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड आढळले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या आहाराचा इतिहास खोदून काढला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. आजारी मुलांना अगदी लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले होते.

दूध तर आंबट नसते, मग तांबे त्यात कसे उतरते, अशी शंका येईल. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवते. भांड्याच्या पृष्ठभागावरून सुटलेले तांबे असे उचलले गेले, की पुढचे सुटायला वाट मोकळी होते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकते. तान्ह्या बाळाला ते तितके जमत नाही.

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळात तेथे १३८ मुले त्याने दगावल्याची नोंद १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाली. तेथेही बाळांना गाईचे दूध पाण्यात मिसळून, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळून देत. त्या भागात आनुवंशिकतेचाही वाटा असल्याचे दिसले, कारण त्याच भांड्यातले दूध प्यालेली सगळी मुले आजारी पडत नसत. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. आपल्याकडेही स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियम आले तसा हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. अलीकडे तांब्यापितळेची भांडी हौसेने पुन्हा स्वयंपाकघरात येऊ लागली आहेत आणि कल्हईवाले मात्र फार थोडे उरले आहेत. पालकसभेत हा विषय काढण्याजोगा आहे.

टिनचा डबा, ज्यात टिन नावापुरते असते

खाद्यपदार्थ पत्र्याच्या डब्यात टिकवण्याचे पेटंट पीटर ड्युरंड याने १८१० मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. डब्याला आपण टिनचा म्हणतो, पण तो असतो पोलादाचा. त्यावर कथिलाचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा. (छपराच्या ‘टिनच्या पत्र्यात’ तर कथील मुळीच नसते. तो जस्ताचा मुलामा. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते.) कथील लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे. डब्याला बाहेरून ओरखडा पडला तर कथील मुळीच झिजत नाही, उलट शेजारच्या उघड्या लोखंडाला अधिक जोमाने गंजायला लावते. पोचे आलेल्या जुन्या डब्यांवर गंजाचे ठिपके एकाच ठिकाणी खोल जातात, ते यामुळे.

हवाबंद डब्याच्या आत मात्र फासे उलटे पडतात. तेथे ऑक्सिजन नसतो आणि फळांतील सायट्रिक आम्लासारखी आम्ले विरघळलेल्या कथिलाच्या आयनांना घट्ट बांधून ठेवतात. त्यामुळे डब्याच्या आत कथील लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यासारखे वागते, आधी विरघळते आणि पोलादाला भोक पडू देत नाही. क्रियाशीलतेची श्रेणी पाठ करून घेताना हे उदाहरण सांगावे. ती श्रेणी ठरावीक परिस्थितीतील आहे, हे त्यातून कळते.

अननसाच्या किंवा टोमॅटोच्या डब्यात थोडे कथील उतरणारच. किती चालेल? आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार डबाबंद अन्नात किलोमागे २५० मिलिग्रॅम आणि डबाबंद पेयांत १५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. याहून जास्त झाले तर पोटात कळा, मळमळ, उलटी, जुलाब असा त्रास होतो, तो सहसा दिवसाभरात ओसरतो. पुष्कळ डब्यांना आतून लाखेसारखा थर देतात, त्यात कथील उतरत नाही. डबा उघडला की ऑक्सिजन आत शिरतो आणि साध्या डब्यात कथील झपाट्याने विरघळू लागते. तेव्हा उरलेला रस किंवा फोडी काचेच्या भांड्यात काढून ठेवाव्यात. डब्याच्या उभ्या शिवणीला पूर्वी शिसेमिश्रित झाळ देत. अमेरिकेत १९९५ मध्ये त्यावर बंदी आली. येथेही खरा धोका कथिलाच्या सोबत्याचाच होता.

थोडे इतर गुणधर्म

कथिलाचा अणुक्रमांक ५०. त्याचे दहा समस्थानिक स्थिर आहेत, इतके दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याचे नाहीत. अणुगर्भात ५० प्रोटॉन ही विशेष स्थैर्याची संख्या आहे, त्याचा हा परिणाम. कॅसिटेराइट हे त्याचे मुख्य खनिज, म्हणजे कथिलाचा ऑक्साइड. ते वाळूहून खूप जड असल्याने ओढ्याची वाळू पाटीत पाण्याने हलवून वेगळे काढता येते. भारतात हे खनिज छत्तीसगडमध्ये बस्तरच्या भागात मिळते, पण आपली बहुतेक गरज आयातीवर भागते.

१३.२ अंश सेल्सिअसखाली शुद्ध कथिलाचे नेहमीचे पांढरे रूप अस्थिर होते आणि त्याचे राखाडी, ठिसूळ रूप तयार होऊ लागते. घनता ७.३ वरून ५.८ वर येते, आकारमान सव्वापटीहून अधिक होते आणि धातूची भुकटी होते. थंड देशांत याला कथिलाचा रोग म्हणत. १८१२ च्या रशियावरील स्वारीत नेपोलियनच्या सैनिकांची बटणे या रोगाने तुटली, ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत असते. वर्गात ती सांगायला हरकत नाही, पण गोष्ट म्हणूनच सांगावी. हा बदल फार सावकाश होतो, आणि शिसे, अँटिमनी किंवा बिस्मथ थोडेसे जरी मिसळलेले असले तरी तो जवळजवळ थांबतो.

कथील २३२ अंशांना वितळते आणि उकळते मात्र २६०० अंशांच्या आसपास. इतका मोठा पल्ला द्रवरूपात राहणारे धातू थोडे. अॅलस्टेअर पिल्किंग्टन यांच्या कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेली काच बनवण्याची पद्धत यावरच बेतलेली आहे. वितळलेली काच वितळलेल्या कथिलाच्या तळ्यावर सोडतात. ती तरंगत पसरते आणि दोन्ही बाजूंनी आपोआप सपाट होते, घासावी लागत नाही. आज खिडक्यांना बसणारी जवळजवळ सगळी काच अशी कथिलावर तरंगून आलेली असते. जगातील सुमारे निम्मे कथील मात्र इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या झाळकामात जाते. युरोपने २००६ मध्ये या झाळेतून शिसे हद्दपार केले आणि कथील, चांदी व तांबे यांचे मिश्रण आले. मोबाइलच्या पडद्यावरील पारदर्शक, वीजवाहक थर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा असतो. स्टॅनस क्लोराइड हा प्रयोगशाळेत नेहमीचा क्षपणक. त्याचे द्रावण नुसत्या पाण्यात दुधाळ होते, म्हणून आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. स्टॅनस फ्लोराइड दात किडू नयेत म्हणून टूथपेस्टमध्ये घालतात. तोंडात रोज दोनदा जाणारे हेही कथिलाचेच संयुग.

कार्बनची जोड

इथपर्यंतचे कथील निरुपद्रवी, फार तर पोट बिघडवणारे. आता १९५४ सालच्या फ्रान्समध्ये जाऊ. कथिलाची पूड आणि त्याचा ऑक्साइड यांच्या गोळ्या गळवांवर देण्याची तेथे जुनी रीत होती. त्यांनी अपाय होत नसे, गुण किती येई हा प्रश्न वेगळा. मग कोणाला तरी वाटले, की कथील शरीरात नीट शोषले जाईल असे औषध करावे. कथिलाच्या अणूला दोन इथिल गट आणि दोन आयोडीन जोडलेले एक संयुग ‘स्टॅलिनॉन’ या नावाने कॅप्सूलमधून विकले जाऊ लागले. त्यात तीन इथिल गटांचे संयुग अशुद्धी म्हणून आलेले होते. रुग्णांना असह्य डोकेदुखी, उलट्या, दृष्टिदोष आणि झटके येऊ लागले. दोनशेहून अधिक जणांना विषबाधा झाली आणि त्यांतील सुमारे शंभर दगावले. शवविच्छेदनात मेंदूचा पांढरा भाग पाण्याने सुजलेला आढळला.

एवढा फरक कशाने पडला? कथिलाचे आयन पाण्यात वावरतात, पेशीचे स्निग्ध आवरण त्यांना सहज ओलांडता येत नाही. अणूभोवती कार्बनी साखळ्या लावल्या की तोच अणू स्निग्ध पदार्थांत विरघळतो, आतड्याची भिंत आणि मेंदूचा पडदा पार करतो आणि पेशीतील तंतुकणिकांची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडतो. साखळ्या किती आणि केवढ्या, यावर सारे अवलंबून आहे. सस्तन प्राण्यांना तीन इथिल गटांचे संयुग सर्वांत घातक. तीन ब्यूटिल गटांचे संयुग बुरशी आणि शंखशिंपल्यांचा काळ. साखळी आठ कार्बनची झाली की विषारीपणा खूपच उतरतो. दोन साखळ्यांची काही संयुगे तर पीव्हीसी प्लॅस्टिक उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात घालतात.

त्यातील ट्रायब्यूटिल टिनने समुद्रात जे केले ते रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्राच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल. जहाजाच्या तळाला शंखजीव आणि शेवाळ चिकटले की त्याचा वेग मंदावतो आणि इंधन जास्त जळते. १९६० नंतरच्या काळात या संयुगाचे रंग तळाला लावू लागले. रंग कमालीचे गुणकारी होते. एकदा लावला की काही वर्षे पाहायला नको. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात होड्यांच्या गर्दीशेजारी कालवांची शेती होती. १९७७ च्या सुमारास तेथे कालवांची पिल्लेच धरेनात. मोठ्या कालवांचे शिंपले जाड, पोकळ कप्प्यांचे होऊ लागले. कारण सापडल्यावर १९८२ मध्ये फ्रान्सने लहान होड्यांना हा रंग लावण्यावर बंदी घातली, आणि कालवे सावरू लागली.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका समुद्री गोगलगाईच्या मादीला नराचे इंद्रिय फुटत असल्याचे आढळले होते. ते वाढून अंडी बाहेर पडण्याची वाटच बंद करी आणि माद्या अंडी पोटात घेऊन मरत. लिटरमागे सुमारे एक नॅनोग्रॅम एवढेसे कथील या रूपात पाण्यात असले तरी हे घडू लागते. एक नॅनोग्रॅम म्हणजे किती, हे मुलांकडून काढून घ्यावे. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक मीटर खोल तळ्यात एक ग्रॅम टाकले, की लिटरमागे एक नॅनोग्रॅम होते. डब्यातील अननसात आपण कायद्याने चालवून घेतो ते कथील याच्या पंचवीस कोटी पट आहे.

जहाजांना हे रंग लावण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. आता जहाजांच्या तळाला मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचे रंग लागतात. पाण्यातील ट्रायब्यूटिल टिन उजेडाने आणि जिवाणूंमुळे काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडते, एकेक साखळी गळून शेवटी साधे, निरुपद्रवी कथील उरते. बंदराच्या तळाच्या काळ्या, ऑक्सिजन नसलेल्या गाळात मात्र तेच मोडायला वर्षानुवर्षे लागतात. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आपल्या किनाऱ्यावरील बंदरांच्या गाळात ही संयुगे मोजली आहेत. जहाजांसाठी खाडी खोल करताना हा गाळ ढवळला जातो, आणि उपसलेला गाळ कोठे टाकायचा हे ठरवण्याआधी त्यातील कथील कोणत्या रूपात आहे हे तपासावे लागते. एकूण कथील मोजून तेथे काहीच कळत नाही.